स्वयंपाकघरातली चार मिनिटं

— नाही, तो सीन निर्मात्यानं कापला, मी नाही. तुमच्या आईलाही मी तेव्हा हेच सांगितलं होतं. बसा ना, मिस प्रुएट, कॉफी निवतेय. तुम्ही ओडेसाची मुलगी हे दारातच कळलं मला, कपाळ तिचंच. गेल्या महिन्यात गेली म्हणता… मला कुणी कळवलं नाही. कळवणार तरी कोण म्हणा.

सत्तावन्न साली स्टुडिओच्या लेखकांत अकरा पुरुष आणि मी एकटी बाई. प्रेमाचे हलकेफुलके सिनेमे लिहायचो — भांडण, गैरसमज, शेवटी लग्न. बायकांचे संवाद अडले की ‘डोरिन, हे तू बघ’, आणि कॉफी संपली तरी ‘डोरिन, हे तू बघ’. तर तुमच्या आईच्या त्या सिनेमात माझी नायिका वर्तमानपत्रात फोटो काढणारी — आणि लग्न झाल्यावरही नोकरी सोडत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी सात महिने भांडले. सात. आणि तिच्या घरची मोलकरीण म्हणजे तुमची आई. तिला काय काम? दार उघडायचं, ट्रे ठेवायचा, ‘हो बाईसाहेब’ म्हणायचं. अशा तेवीस मोलकरणी केल्या होत्या तिनं. मीच म्हटलं, हिला एक सीन देऊ. मीच, हं — हेही लिहून घ्या. स्वयंपाकघरात अंडी फेटता फेटता ती नायिकेला सांगते, की मी नर्सिंगची परीक्षा पास झाले, सोमवारपासून येणार नाही, आणि बसथांब्यावर जो रोज माझी वाट बघतो ना, त्याच्याशी लग्न करतेय. चार मिनिटं. एका टेकमध्ये केलं ओडेसानं. लाइटवाले आधी हसले, मग हातातलं काम सोडून बघत राहिले. पॅसाडीनाच्या थिएटरात सिनेमा पहिल्यांदा लोकांना दाखवला, तर त्या सीनला टाळ्या — नायिकेला मिळाल्या नाहीत तेवढ्या.

तेच नडलं. निर्मात्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, काळी मोलकरीण गोऱ्या मालकिणीला नोकरी सोडते म्हणून ऐकवते आणि लोक वर टाळ्या वाजवतात, दक्षिणेतले गोरे थिएटरवाले हे लावायचे नाहीत. आणि तुझी ती लग्नानंतर नोकरी करणारी नायिकाही वरच्यांना खुपतेय. दोन्ही मला वाचवता येणार नाहीत, कुठलं एक ठेवायचं ते सांग — हो, मला विचारलं त्यानं. असं बघू नका. बत्तीस वर्षांची होते मी, करार डिसेंबरात संपणार होता… मी ‘नायिका’ म्हटलं. एकच शब्द. तुम्ही काय म्हटलं असतं?

आणि उपयोग तरी काय झाला? तीन आठवड्यांनी शेवटही बदलला. नायिका कॅमेरा नवऱ्याच्या हातात देते आणि केक ओव्हनमध्ये ठेवते. मला थिएटरात बसल्यावर कळलं. शेजारची बाई खुशीत रुमाल काढून डोळे पुसत होती.

सीन कापल्यावर ओडेसाचा फोन आला होता. चिडली असती तर बरं झालं असतं हो. चिडली नाही. एवढंच म्हणाली, ‘मिस काल्डर, मी काम वाईट केलं का?’ माझ्या खोलीत त्या लेखकांतले दोघं जण बसलेले, दार उघडं, आणि मी — मी म्हटलं, ‘जरा जास्त झालं, ओडेसा.’ निर्मात्याचं नावच काढलं नाही मी. तिलाही हेच सांगितलं असं मघाशी म्हटलं, ते खोटं. तिनं ‘आभारी आहे’ म्हणून फोन ठेवला. नंतर कुठल्या सिनेमात दिसली नाही, तर मला वाटलं, लग्नबिग्न केलं असेल, मुलंबाळं —

काय? चर्चच्या नाटकातसुद्धा काम केलं नाही? तुम्ही मागे लागलात तरी? ‘माझ्याकडून जास्त होतं’ — असं म्हणायची? हेच शब्द?

तुमचा कोट त्या खुर्चीवर आहे. नाही, मला आता काही विचारू नका. जा तुम्ही, मिस प्रुएट. जा.