अळणीचा डबा

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. मागं दारात उभं राहू नका, सतरंजीवर जागा आहे. शालनवहिनी, तुम्ही भिंतीला टेकून बसा, माझ्यासाठी उठू नका.

मला दोन शब्द बोला म्हणालेत. बोलणार तरी काय? सत्तावीस वर्षं ज्याच्या शेजारच्या लेथवर उभा राहिलो, त्याच्याच फोटोला हार घालायचा आणि वर भाषण करायचं, हे मला जमणारं काम नाही. माझ्याआधी चौघं बोलले. चांगलं बोलले. आनंदा कष्टाळू होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, गल्लीच्या कामाला कायम पुढं. सगळं खरं आहे. मला बोलायचंय ते जरा निराळं आहे, आणि ते पोटात ठेवून मी दहा दिवस धड झोपलेलो नाही. दमलोय मी. राग आला तर येऊ द्या, पण मधेच उठू नका, एवढी विनंती आहे.

आनंदानं एक्क्याण्णव साली मटण सोडलं. बावड्यातल्या माणसांना हे सांगायला नको. बाहेरची पावणं आलीत म्हणून सांगतो. तोवर उद्यमनगरात आमच्या शेडवर खंडेनवमीची मशीनपूजा झाली की मटण करणार कोण? आनंदा. तांबडा त्याचा, पांढरा त्याचा, सुकं त्याचं. शेजारच्या शेडमधली माणसं वाटी घेऊन यायची. आणि असला माणूस एक दिवस म्हणाला, "बापू, मी आता खाणार न्हाय." म्हटलं, का रं? म्हणाला, "मन होत न्हाय."

संपलं. एवढंच कारण.

आता मला सांगा, कोल्हापुरात हे कारण चालतंय काय? माळ घातली असंल तर चालतंय. डॉक्टरनं सांगितलं असंल तर चालतंय. नवस असंल, सोमवार असंल, चालतंय. पण नुसतं मन होत न्हाय? छे! "जैन झालास काय रं?" "बायकोनं दम दिलाय व्हय?" "तालमीत वाढलेला गडी आणि भेंडी खातोय!" मी पण विचारलं. खोटं कशाला बोलू, सगळ्यांत जास्त मीच विचारलं असंल. शेवटी मीच कंटाळून म्हटलं, आनंदा, गळ्यात एक माळ अडकव आणि मोकळा हो. कोण विचारणार न्हाय. तर माझ्याकडं बघून म्हणतो, "देवाच्या नावानं खोटं कशाला? मला खायचं न्हाय, एवढंच हाय की ते."

जावळ असो, गावजत्रेच्या जेवणाची म्हाई असो, कुणाची पार्टी असो. ताट आलं की सुरू. "फोडी नको तर नुसता रस्सा घे की!" हे आपल्याकडंच ऐकायला मिळणार बघा. फोडी काढल्या की रस्सा शाकाहारी! आणि पांढरा तर काय, "त्यात असतंय काय? नारळ, तीळ, खसखस. तुमचंच हाय की ते!" सोळा वर्षं, मंडळी. सोळा वर्षं त्यानं हे हसून ऐकलं. मुडशिंगीला सासुरवाडीत म्हाईला गेला, तर सासूबाई रडायला बसल्या. जावयाला पिठलं वाढलं तर भावकी काय म्हणंल? हा गडी तेच पिठलं तीनदा मागून जेवला आणि म्हणाला, "मामी, असलं पिठलं अख्ख्या कोल्हापुरात न्हाय." तेव्हा कुठं त्या माउलीनं डोळं पुसलं.

आणि एक सांगतो. खाणं सोडलं, पण शेडवर करायचं सोडलं न्हाय. दर खंडेनवमीला तोच चुलीपुढं. फक्त चव बघायला मला बोलवायचा. "बापू, मीठ बघ." लोक चिडवायचे, हाताला चालतंय, तोंडाला चालत न्हाय व्हय रं? तर म्हणायचा, "मी कुठं म्हटलं पाप हाय? तुमी खावा की निवांत." कुणाला एका शब्दानं शिकवलं न्हाय त्यानं. एकदाच, घरी येताना, सायकल हातात धरून चालताना मला म्हणाला होता, "खायचं सोडणं सोपं व्हतं रं बापू. सांगत बसायचा कंटाळा येतोय." मी तेव्हा पण हसलो. काय कळलं मला? काडीचं कळलं न्हाय.

मग त्याचं पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्यात ठेवला. आणि अळणीचे डबे सुरू झाले.

परगावच्या पावण्यांसाठी सांगतो. अळणी म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. आजारी माणसाला, बाळंतिणीला आपल्याकडं तेच. त्याला आपण मटण धरतच न्हाय, औषध धरतो. जो येईल तो म्हणायचा, "आनंदा, हे मटण न्हवं रं, अळणी हाय." शालनवहिनींनी पण एकदा केली. बायकोचा जीव आहे, करणारच. त्यानं त्यांचा हात धरला आणि सरळ सांगितलं, "शालन, मी पिणार न्हाय. तू परत करू नको." हे वहिनींनीच मला जिन्यात सांगितलं होतं, रडत रडत.

त्यानंतर माझ्या घरात काय झालं? माझी बायको सुमन, ती बघा तिथं बसलीय, पहाटे पाचला उठली. अळणी केली. डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "डाळीचं पाणी हाय म्हणून सांगा. पोटात तरी जाऊ दे माणसाच्या." आणि मी, सत्तावीस वर्षांचा दोस्त, गेलो आणि तसंच सांगितलं. आनंदा, डाळीचं पाणी आणलंय.

त्यानं झाकण काढलं. अहो, आयुष्यभर ज्यानं मटण शिजवलं, त्याला वास कळणार न्हाय? माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय. दमलेल्या माणसानं बघावं तसं बघितलं. म्हणाला, "वहिनी पहाटे उठली असंल न्हवं?" म्हटलं, व्हय. "मग तिला सांग, पिलो म्हणून. न्हाय म्हटलं तर वाईट वाटंल तिला." शेजारच्या खाटेवर शाहूवाडीकडचे एक म्हातारे होते. त्यांचा मुलगा भाताच्या लावणीला गावी गेला होता, दोन दिवस कोण फिरकलं नव्हतं. आनंदा म्हणाला, "त्यांना दे, गरम हाय तोवर." त्या आजोबांनी डबा बोटानं पुसून घेतला.

मी घरी येऊन सांगितलं, पिला. सगळी पिला. सुमन एवढी खूश झाली की चार दिवस रोज डबा दिला. रोज डबा मोकळा परत आला. आणि ती कौतुकानं चार बायकांत बोलली. तिचा काय दोष? पण मग गल्लीत काय झालं ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. "शेवटी खाल्लंच की!" "उगंच सोळा वर्षं ताणून धरलं." तालमीच्या कट्ट्यावर हे बोलणं चाललं होतं आणि मी तिथंच बसलो होतो. तोंड उघडलं न्हाय.

मग आनंदा गेला. तिसऱ्या दिवशी नदीवर रक्षाविसर्जनाला नैवेद्याचं पान मांडलं आणि कुणीतरी त्यावर मटण ठेवलं. का, तर शेवटी मन झालं होतं म्हणे त्याचं. कावळा आला. कावळ्याला काय, तो मटणावरच बसणार. आणि लोक म्हणाले, "शिवला! बघा, इच्छा अडकली होती." मी तिथं पण गप्प. गल्लीभर पसरलं ते खोटं त्यानं माझ्या तोंडात घातलेलं न्हाय, मंडळी. त्यानं एका बाईचं मन राखायला सांगितलं होतं. गल्लीभर मी जाऊ दिलं. ही चूक माझी.

परत येताना वहिनींनी मला गाठलं. म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? माझ्या हातचं नको म्हणाले आणि दुसऱ्याच्या हातचं पिले? माझं काय चुकलं व्हतं?"

मान खाली घालून घरी गेलो.

आज सकाळी मी सुमनला सगळं सांगितलं. तिनं तो डबा फळीवरनं काढून माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी गल्लीत सांगितलंय. तुमी बी गल्लीत सांगा." म्हणून उभा राहिलोय. न्हायतर मी काय भाषण करणारा माणूस आहे?

तेव्हा ऐका. आनंदानं खाल्लं न्हाय. एक थेंब प्यायला न्हाय. शेवटपर्यंत न्हाय. ज्यांनी पानावर मटण ठेवलं, त्यांच्यावर माझा राग न्हाय, माझ्यामुळंच ठेवलं त्यांनी. पण आजपासून हे बोलणं बंद करा. आणि खाल्लं असतं तर जगला असता, हे पण वहिनींच्या कानावर घालू नका. हात जोडतो.

आणि वहिनी, तुमचं काय चुकलं व्हतं म्हणून विचारलंत. काय चुकलं न्हाय. आमच्यासारख्यांची त्यानं समजूत काढली, आमचं मन राखलं, त्यापायी सुमनला खोटंसुद्धा कळवलं. जन्मभर तो सगळ्यांशी सांभाळूनच बोलला. एका तुम्हाला तेवढं त्यानं तोंडावर न्हाय म्हणून सांगितलं. तुमच्याजवळ त्याला सांभाळून बोलायला लागत नव्हतं, वहिनी.

बस्स. सगळे उभे राहूया. आनंदाला माझा शेवटचा रामराम. दोन मिनिटं शांत राहूया, आणि ही दोन मिनिटं तरी त्याला कुणी काही विचारू नका.