उजवीकडची पाकळी

मंडळी, मला एक सांगा — देव मोठा की देवाची माणसं? 'देव!' बघा, लगेच ओरडलात! सोपं वाटलं ना? आता ऐका.

गोव्यात, साष्टी महालात, फिरंग्यांनी देवळं पाडायला घेतली तेव्हाची गोष्ट. दुलबा नायकानं गावची देवी होडीत घातली अन् नदीपलीकडे आणली. अर्धा गाव देवीमागोमाग आला. रानात झोपडी घालून देवीला बसवलं. "घरंदारं सोडली, पण धर्म राखला!" देवळाचे कारभारी, म्हणजे महाजन, रोज सांगायचे. देवी बिचारी रोज ऐकायची — जाते कुठं?

दुलबाची बहीण शेवंती मात्र मागं राहिली. दिवस भरले होते, अन् नवरा तापानं गेलेला. शिपाई आले, धरून नेलं, डोक्यावर पाणी घातलं — शेवंतीची इझाबेल झाली! तरी देवीच्या ओसाड जागेवर ती रोज पणती लावायची. कुणीतरी पाद्र्याच्या कानावर घातलं. बाटल्यावर जुन्या देवाला हात जोडणं म्हणजे त्यांच्या राज्यात केवढा गुन्हा! कोठडी, नाहीतर जिवंतपणी चिता!

लेकीला कडेवर घेऊन ती नदी ओलांडून आली. झोपडीबाहेर उभी राहिली. "दादा, मला परत पाठवू नकोस रे. जाळतील मला."

 दुलबानं महाजनांकडे बघितलं. रवळू शेणै पुढे झाले, सगळ्यांत वडील. "तिथलं अन्नपाणी घेतलंस?"

"भात खाल्ला, शेणैबाब. तुम्ही खाता तोच."

हसू नका, मंडळी! तिथं कुणी हसलं नाही.

शेवटी ठरलं — कौल लावू. गुरवानं ओल्या पाकळ्या देवीच्या अंगाला लावल्या. उजवी पडली तर 'हो', डावी पडली तर 'नाही'.  अन् पडली — उजवी!

शेवंती रडायला लागली. पोरीचे मुके घ्यायला लागली.

शेणै म्हणाले, "वारा आला होता."

पुन्हा लावला. पुन्हा उजवी! शेणै म्हणाले, "पाकळी जडच होती. नीट लाव रे गुरवा!"

तिसऱ्यांदा लावला. आता पाकळी पडेचना. उजवी नाही, डावी नाही. उन्हं कलली, नावाडी हाका मारायला लागला. देवी गप्प! अहो, दोनदा सांगून कुणी ऐकलं नाही तर घरातली म्हातारीसुद्धा तोंड मिटते — ही तर आई!

शेणै म्हणाले, "देवीच्या मनात नाही."

दुलबानं मान खाली घातली. "बाये, आज जा. कौल मिळाला की निरोप धाडतो." स्वतःच्या हातानं होडीत बसवलं तिला.  

पलीकडच्या काठावर शिपाई उभेच होते. पोर कडेवरून ओढून घेतली, ती पाद्र्यांकडे वाढली. शेवंतीचं काय झालं ते मी सांगणार नाही. तुम्हाला कळलंय.

आता म्हणा, फिरंगी वाईट! होते वाईट. जाळलं त्यांनीच. पण होडीत कुणी बसवलं? देवीला होडीत घालून आणणारी माणसं ती — देवीचं मात्र एक अक्षर त्यांना ऐकू आलं नाही! अन् आपण निराळे का हो? तुमच्या आळीत कुणाच्या लेकीला दार बंद आहे, मला ठाऊक आहे. नाव घेत नाही. ती बाहेर उभी आहे, अन् तुम्ही देवळात येऊन कौल मागताय.

नका मागू! देवीनं दोनदा दिलाय.