जित्या माणसाचं नाव

वंदना : काकू, खरं सांगा. दगडावर शेण तुम्हीच थापलं ना?

गोजरबाई : हो, म्याच. पण साऱ्या दगडावर नाई. यायच्या एकट्याच्या नावावर थापलं.

(गावच्या सैनिकांचं स्मारक उद्या उघडायचं आहे. सरपंच वंदना सकाळीच भगवानराव आणि गोजरबाई या नवरा-बायकोच्या ओसरीवर येऊन बसली आहे.)

वंदना : अहो, बीबीच्या बाजारातून हार सांगितलेत, पंचक्रोशीतले माजी सैनिक येणार आहेत! गावातून जे जे फौजेत गेले, त्या सगळ्यांची नावं कोरलीत आपण.

गोजरबाई : तो हारच नको म्हणते मी! नावाले हार कोणाच्या घालतेत वो? गेलेल्याच्या. हा जिता माणूस समोर बसून राह्यला. आत्ताच दोन भाकरी खाल्ल्या त्यायनं.

भगवानराव : तीन.

गोजरबाई : तुम्ही चूप बसा.

भगवानराव : काऊन चूप बसू? हवालदार होतो मी. चाललो शेण धुवाले.

गोजरबाई : हात तं लावून पाहा! वंदना, एकाहत्तरच्या लढाईत देवाजोळ पदर पसरून मागून आणलं म्या यायले. रेडिओवर बातम्या लागल्या का चूल सोडून कान लावून बसायची मी. अन् आता गाव मिळून हार घालते? माह्या कुकवाचं काय?

वंदना : मग काकांचं नाव तेवढं सध्या झाकून ठेवू. पुढं कधीतरी...

गोजरबाई : पुढं म्हणजे कव्हा?

वंदना : नाही, म्हणजे...

भगवानराव : मी मेल्यावर म्हणते ती. लाजतं कायले पोरी? पण झाकायचं नाई. कडूबाच्या बाजूले हाये माहं नाव. आम्ही दोघं संगंच भरती झालो. तो लढाईतच राह्यला अन् मी एकटा एसटीतून उतरलो. त्याच्या मंजुळाबाईकडं पाहाची हिंमत नव्हती मले. काल दगडावर दोघायची नावं संगं पाहिली, अन् गोजर, छाती भरून आली. एवढं पुसू नको.

गोजरबाई : पुसून कोण राह्यलं? पुसाचं असतं तं छिन्नी नसती आणली म्या?... वंदना, हे लढाईले निंगाले तव्हा हार नव्हते घातले. मी अन् मंजुळा, एकाच ताटात दिवे लावले अन् दोघायले वेशीत ओवाळलं. उद्या बी हार नको. ओवाळू.

वंदना : चालेल की! पण जे गेले त्यांना?

गोजरबाई : त्यायले बी. ते काय पाठ दाखवून गेले? पोराबाळायले पाहू दे, आपल्या गावची माणसं कशी होती ते.

वंदना : मंजुळाकाकू मात्र नाही म्हणतील. कालच म्हणाल्या, मी विधवा बाई, मागंच उभी राहीन.

गोजरबाई : मांगं? तिचा माणूस साऱ्या गावाच्या पुढं गेला, अन् ती मांगं? ताट तिच्याच हातात देजो. पहिले ती ओवाळीन, मंग मी. कोणी काई बोललं तं माह्यासंग गाठ हाये.

भगवानराव : अन् मी कुठी उभा राहू?

गोजरबाई : कडूबा भाऊजीजोळ. वेशीत उभे होते तसे.