करीमच्या बापाचा व्हिसा

काकू, नीला, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

मला भाषण येत नाही. आत्तापर्यंत जे बोलले ते छान बोलले. माधवकाका किती शांत, किती मनमिळाऊ, त्यांची पेटी, त्यांच्या हातचे बेसनाचे लाडू. सगळं खरं आहे. पण ऐकता ऐकता माझ्या डोक्यात तिडीक जात होती. कारण अलीकडे काका शांत नव्हते. काका संतापलेले होते. त्या संतापातच ते गेले, आणि ते इथे कोणीच बोलत नाहीये. म्हणून मी उभी राहिले. मध्येच रडू आलं तर थांबेन, तेवढं सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी अंजली. इथे वॉशिंग्टनजवळ हर्नडनला काकांच्या शेजारच्या घरात राहते. मूळची नागपूरची, त्यामुळे आवाज मोठा आहे, माइक नसला तरी चालेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकांनी ड्रायव्हिंग सोडलं. तेव्हापासून वॉशिंग्टनच्या ऑफिसांमध्ये त्यांना मी ड्राइव्ह करून नेत होते. कसली ऑफिसं? तेच सांगायचंय.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, अमेरिकेत येण्याआधी काका-काकू बगदादला होते. एका भारतीय कंपनीचं सांडपाण्याच्या प्लांटचं काम होतं, काका त्यावर इंजिनियर. शेजारी एक शाळामास्तर राहायचे. त्यांचा मुलगा युसुफ. तो काकूंच्या स्वयंपाकघरातच वाढला म्हणा ना. 'ये', 'बस', 'अजून घे', एवढं मराठी त्याला यायचं. काकांनी त्याला इंग्लिश शिकवलं. हौसेनं शिकवलं. पोरगं हुशार आहे, पुढे उपयोगी पडेल म्हणाले.

उपयोगी पडलं. युद्ध झालं, अमेरिकन सरकारची माणसं बगदादला जाऊन बसली, आणि त्यांना बोलायला तोंड हवं होतं. युसुफ त्यांच्या एका ऑफिसात दुभाष्या झाला. साहेब आणि गावातली वडीलधारी मंडळी, यांच्या मधल्या खुर्चीवर तो बसायचा. तो फोनवर काकांना सांगायचा, 'अम्मो' म्हणजे काका, 'अम्मो, हे लोक चहा येण्याआधीच उत्तर मागतात. समोरचा माणूस घरची विचारपूस करतोय, आणि साहेब घड्याळ बघतोय. मी मधल्या मधे दोघांचं गोड करून सांगतो.' काका हसायचे. म्हणायचे, अरे, आपल्याकडे मुलगी बघायला गेलं तरी आधी पोहे येतात, ह्यांना देश हवाय आणि पोहे नकोत.

हसायचे, पण आतून चिडायचे. कारण काकांनी आधीचंही बघितलं होतं. तेव्हा ह्याच अमेरिकेचे, युरोपचे पाहुणे बगदादच्या मोठ्या हॉटेलांत उतरायचे, तिथल्या हुकूमशहाशी हसून हात मिळवायचे. मग तो नकोसा झाला. मग निर्बंध आले. काकांनी बांधलेला प्लांट सुट्या भागांवाचून बंद पडला आणि घाण पाणी नदीत गेलं. मग बॉम्ब. आणि मग म्हणे आम्ही तुम्हाला लोकशाही द्यायला आलो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ह्यालाच हे लोक परराष्ट्र धोरण म्हणतात. मी नाही हो, काका म्हणायचे. मी आता म्हणतेय.

तर युसुफला धमक्या यायला लागल्या. अमेरिकनांचा माणूस म्हणून. दारावर काहीबाही लिहून जायचे. बायको हना, मुलगा करीम, एक लहान मुलगी. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांच्याकडेच त्याने व्हिसा मागितला. मुलाखतीसाठी जीव मुठीत धरून रस्त्याने जॉर्डनला गेला. मुलाखत चांगली झाली. शेवटी साहेबाने विचारलं, तुला आणखी कुठल्या नावाने ओळखतात? युसुफने खरं ते सांगितलं. म्हणाला, मला अबू करीम म्हणतात.

मंडळी, तिकडची ही साधी रीत आहे. माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची. अबू करीम, म्हणजे करीमचा बाप. त्यात मान असतो, माया असते. काका-काकूंना मुलगा नव्हता, तर त्या गल्लीने नीलावरून काकांना अबू नीला केलं. नीला, तू तेव्हा बालवाडीत होतीस.

ह्या साहेबांनी त्याचं काय केलं? टोपणनाव म्हणून घातलं कॉम्प्युटरमध्ये. गुन्हेगारांची असतात तसं. आणि कॉम्प्युटर म्हणाला, अबू करीम नावाचा कोणीतरी संशयित आहे. झालं. सिक्युरिटी चेक. थांबा.

आम्ही थांबलो. मग खासदाराच्या ऑफिसात गेलो. तिथल्या एका भल्या मुलीने हे कारण हळूच सांगितलं, म्हणून कळलं तरी. त्यानंतर व्हिसाच्या मोठ्या ऑफिसात काका तिथल्या ऑफिसरला काय म्हणाले ते ऐका, मी शेजारीच बसले होते. म्हणाले, "साहेब, माझी बायको लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला नावाने हाक मारत नाही. नीलाचे बाबा म्हणते. मग मी काय खोट्या नावाने राहतोय?" तो ऑफिसर हसला. नाइस स्टोरी, म्हणाला. काकांनी त्याला परत समजावलं. इराकमध्ये करीम किती, आणि करीमचे बाप किती. अहो, कोथरूडमध्ये 'बंड्याचे बाबा' अशी हाक मारा, अर्धा रस्ता वळून बघेल. त्या सगळ्यांना आत टाकणार का? ऑफिसर म्हणाला, सर, प्रोसेस इज प्रोसेस.

त्या देशावर राज्य करायला गेले, आणि तिथे बापाला हाक कशी मारतात हे ह्यांना ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नाही. ते सांगणारा माणूस ह्यांच्याच पगारावर, ह्यांच्याच खुर्चीशेजारी बसत होता. त्याला कोणी विचारलं का? मला ह्याचा राग येतो. अजून येतो. यायलाच पाहिजे.

युसुफ जॉर्डनहून परत बगदादला गेला, कारण घर तिथे होतं, बायको-मुलं तिथे होती. त्याला कामावर जाताना मारून टाकलं. गरज सरो, वैद्य मरो. त्या ऑफिसातून हनाला एक फोन नाही. सॉरी नाही. दुसरा दुभाष्या आला असेल.

त्यानंतर काकांनी आपल्या मराठी मंडळाकडे दिवाळीच्या कार्यक्रमात थोडा वेळ मागितला. युसुफबद्दल बोलायला. आपण काय म्हणालो? काका, पोलिटिकल विषय नको. आपण कशाला नजरेत यायचं? मला ती भीती कळते. गोऱ्यांच्या नजरेला आपण आणि इराकी एकाच रंगाचे, आणि ह्या काही वर्षांत एअरपोर्टवर बाजूला काढलेले कितीतरी जण इथे बसलेत. पण काका घरी आले आणि त्यांनी जेवायला नको म्हटलं. काकू, तुम्हाला आठवतंय. आज आपण त्यांच्या शांत स्वभावाची तारीफ करतोय. त्यांना शांत कोणी बसवलं?

हना मुलांना घेऊन जॉर्डनला, अम्मानला गेली. तिची फाइल चालू ठेवायची तर इथला एक जबाबदार नागरिक हवा, जो म्हणेल की हे कुटुंब माझं. हना त्यांना सासऱ्यांच्या जागी मानायची, काका तो माणूस झाले. वरची खोली रिकामी केली. करीमसाठी शाळा बघून आले. पुन्हा तेच, थांबा. पुन्हा करीमच्या बापाचं नाव. मेलेल्या माणसाचं चेकिंग चालू आहे म्हणाले. त्या दिवशी घरी येईपर्यंत गाडीत काका तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पुढच्या आठवड्यात सकाळी दाढी करता करता ते पडले, ते उठलेच नाहीत.

परवा त्या ऑफिसातून त्यांना फोन आला. काकूंनी माझ्या हातात दिला. मी सांगितलं, ते वारले. ती बाई म्हणाली, आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस. आणि लगेच म्हणाली, जबाबदार माणूस नाही, मग केस क्लोज करायची ना?

मी म्हटलं, नाही करायची. माझं नाव घ्या. मी पण सिटिझन आहे. तिने विचारलं, अर्जदाराचं आणि तुमचं नातं काय? मी म्हटलं, तिच्या सासऱ्यांची शेजारीण. ती म्हणाली, असं नातं आमच्याकडे नाही. मी म्हटलं, आमच्याकडे आहे.

केस अजून उघडी आहे. माझ्या एकटीचं नाव पुरेल की नाही, ते सांगत नाहीत. ज्यांना आपलं नाव द्यायचं असेल त्यांनी मला बाहेर भेटा. आणि ज्यांना भीती वाटते त्यांनी नका भेटू, मी मनात काही धरणार नाही. आज सकाळी हनाचा फोन होता. रडली, आणि मग तिने काकूंना सांगितलं, तुम्ही एकट्या राहू नका, मी येते. येते म्हणाली. कुठून येणार आहे ती?

मंडळाच्या अध्यक्षांनी मला सांगितलंय, शेवटी काकांसाठी सगळ्यांना उभं करा. मी तसं करणार नाही. काकांना हा हॉल मिळाला, तुम्ही मिळालात, नीला त्यांचं सगळं करेल. युसुफसाठी ह्या देशात कोणी खुर्चीवरून उठलेलं नाही. ज्यांच्यासाठी तो मेला त्यांच्यातलंही कोणी नाही. काका असते तर हेच म्हणाले असते, मला ठाऊक आहे, मी गाडी चालवत होते.

तेव्हा उठा. माना खाली घालू नका. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, मीही नाही. करीमच्या बापासाठी थोडा वेळ उभे राहा.