बदक काही पडेना

त्या संध्याकाळी मी घरात जेवढा ओरडलो, तेवढा आयुष्यात कधी ओरडलो नसेन. परदेशातून शिकून परतलो, तर माळ्यावर आमचा जुना व्हिडिओ गेम सापडला, बदकं मारायच्या बंदुकीसकट. लहानपणी ताईनं मला त्यात एकदाही जिंकू दिलं नव्हतं. सकाळी ती कन्नडला सासरी निघणार होती, म्हणून लगेच डाव मांडला. नव्या टीव्हीवर चित्र आलं, आवाजही आला, पण दोघांच्याही गोळीनं एकही बदक पडेना.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंना बोलावून मी त्यांच्यावरच भडकलो. "चांगली वस्तू मुद्दाम निकामी करतात या कंपन्या! ही लूट आहे!"

"चिल्लाके क्या होगा, भाई? ही बंदूक जुन्या डब्बा टीव्हीवरच चालती."

"मग डब्बा आणतो. कॉलनीत कुणाकडं तरी असेलच!"

"कुठून असंल?" आता ताई कडाडली. "परदेशी जायच्या आधी ई-कचरा, ई-कचरा करत दारोदार भाषणं देऊन सगळे टीव्ही भंगारात कुणी घातले? बाबा नाय नाय म्हणत होते, तरी आपला पहिला उचललास! एक गायकवाड काकूंचा तेवढा वाचला, तुला बघून त्यांनी दार लावून घेतलं म्हणून. जा, माग त्यांना!"