अन्सारभाईंच्या डाळमिलला निरोप देताना

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले सरपंच माननीय उकंडराव, प्रमुख पाहुणे आणि हमरस्त्यावरच्या नव्या कंपनीचे व्यवस्थापक हरीशसाहेब, सत्कारमूर्ती अन्सारभाई आणि गौसियाभाभी, आणि डोंगरकड्याच्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो, नमस्कार.

मी मनकर्णा. गावात पापडाचा छोटा उद्योग चालवते. माइकसमोर उभं राहायची सवय न्हाई, सांभाळून घ्या.

आताच साहेब म्हणाले, देशाच्या प्रगतीत लहान उद्योगांचा वाटा मोठा आहे. टाळ्या मीही वाजवल्या. पण अध्यक्षमहोदय, आपण भाईंना आज हार घातला तो कशासाठी? मिल बंद पडली म्हणूनच ना?

मिल होती तेव्हा गावचा उडीद गावातच भरडला जायचा. त्या डाळीवर माझे पापड, पापडांवर माझ्याकडच्या बायांच्या चुली, आणि भरडून उरलेल्या चुनीवर, टरफल-कण्यांवर, नेमसिंगभाऊंच्या म्हशी. देश म्हणजे आणखी वेगळं काय असतं, मला माहीत न्हाई. मग कंपनीचं गोदाम आलं. दोन हंगाम चढा भाव मिळाला. शेतकरी तिकडं गेले, त्यांचं काय चुकलं? इकडं मिलला माल मिळेना. भाईंनी यंत्रं विकून टाकली.

मागच्या आठवड्यात आपल्या भागूबाईंच्या शेतातला उडीद कंपनीच्या फाटकावरून परत आला. ओल आहे म्हणाले. आभाळ भरून आलेलं. टेम्पो घेऊन त्या सवयीनं भाईंच्या दारात आल्या. मी तिथंच होते.

"भाई, पहिल्यासारखा वाळवा अन् ठेवून घ्या."

भाईंनी शेड उघडून दाखवली. आत काहीच नव्हतं.

"पसरून ठेवा, भिजू देत न्हाई. पन घेऊन करू काय? भरडू कशावर?"

"मंग कुठं नेऊ?"

"तिकडंच न्या, बाई."

भाभी आत निघून गेल्या.

वाळलेला माल घेऊन भागूबाई पुन्हा फाटकावर गेल्या. आता भाव उतरला होता.

"काहून उतरला?" त्यांनी विचारलं.

"परवडत नसंल तर दुसरीकडं विका," फाटकावरचा माणूस म्हणाला. दुसरीकडं म्हणजे कुठं, ते त्यालाही ठाऊक होतं. भागूबाईंनी माल तिथंच उतरवला.

साहेब, तुम्ही तेव्हा तिथं नसाल, म्हणून सांगितलं.

मी आता डाळ तुमच्याकडूनच घेते. परवा निरोप आला, ट्रकभर घ्यायची असेल तरच मिळेल. बाया रोज विचारून राहिल्यात, "ताई, उद्या यायचं का?" आणि काल दुपारी तुमचा एक माणूस टेप घेऊन आला, माझ्या शेडची लांबी-रुंदी मोजून गेला. मी त्याला बोलावलं नव्हतं. जागा विकायची, असं मी कुणालाच म्हटलेलं न्हाई.

असो. भाई, भाभी, हैदराबादला लेकीकडं निघालात, सुखरूप पोचा. मंडप आणि जेवण कंपनीकडून आहे, त्यांचे आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. बोलताना तोल गेला असेल, कुणाला काही लागलं असेल, तर आपली बहीण समजून पोटात घाला.