दसऱ्याच्या रंगाखालचा पत्रा

(मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढच्या एका गावात, रस्त्याला लागून जयरामचं अंगण. सन दोन हजार एक, दिवाळी नुकतीच सरलेली, दिवस मावळतीला आलेला. डोंगराकडे तोंड करून एक जुनी फियाट उभी आहे. बॉनेट उघडं. मालक जयराम, साठीचा. त्याची बायको सरस्वती. मुरबाडच्या स्टँडजवळ गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा नवसू, डोंगरावरच्या वाडीतला.)

जयराम : तो पॉलिशपेपर आधी खाली ठेव, नवसू. वायर टाक म्हटलं तुला. गाडी खरवड नाय म्हटलं.

नवसू : वायर टाकून झाली काका. बॅटरीवरून सरळ दिव्यांना आणली, मधी रिले बसवले, फ्यूज लावला. उजवा दिवा बघा कसा फाकला. डावा तेवढा मरतुकडा ऱ्हायला.

जयराम : मग त्याचा बल्ब बदल. स्टँडवरचे जीपवाले मोठाले बल्ब घालतात, तसला घाल.

नवसू : त्यांचे स्विच जळतात, मग माझ्याकडंच येतात. उजव्याचा बल्ब डाव्याला लावून चेक केला मी. तरी तसाच.

सरस्वती : चहा घ्या दोघं. सकाळधरनं त्या बॉनेटमधी डोकी घालून बसलाव.

जयराम : ठेव तिकडं. मला आधी कळू दे. बल्ब तोच, बॅटरी तीच, मग हा तुझा रिले उजेड आणतो कुठनं?

नवसू : आणत नाय, हाय तेवढा पोचवतो. आधी करंट बॅटरीतून निघायचा, स्टेअरिंगजवळ स्विचला जायचा, तिथून परत फिरून दिव्याला. त्यात वायर म्हातारी. लांबच्या पाटानं पाणी नेल्यासारखं, वाटेतच मुरायचं. आता स्विच फक्त निरोप देतो. निरोप आला की रिले तिथंच बॅटरीपाशी वाट उघडतो.

सरस्वती : म्हणजे बांधावर माणूस बसवलास.

नवसू : हां काकी, तसंच. पण खाचरात पाणी घेतलं की पुढं काढून द्यायला पण वाट लागते ना. दिव्यातून करंट गाडीच्या पत्र्यात उतरतो. त्याला आमी अर्थ म्हणतो. डाव्या दिव्याची अर्थ या बोल्टाला बांधलीय. आता सांगा काका, बोल्टाखाली पत्रा कुठं हाय? नुसता रंग हाय, थरावर थर.

सरस्वती : असणारच. दर दसऱ्याला डबा-ब्रश घेऊन बसतात. बाहेरून मारून भागत नाय, बॉनेट उघडून, बोल्ट सोडून आतून पण. मी म्हटलं, आतलं कोण बघायला येणार हाय? तर म्हणे, गाडीला कळतं.

जयराम : कळतंच. बानं गाडी घेतली तेव्हापासून एक दसरा चुकला नाय. स्वतःला सदरा नाय शिवला, पण हिला रंग आणला. अख्ख्या तालुक्यात एवढी जुनी फियाट चालती दाखव मला. गंजाचा ठिपका दाखव हिच्यावर.

नवसू : नायच हाय ठिपका. गंजाला आत शिरायला जागा नाय ठेवली तुमी. करंटला पण नाय ठेवली.

जयराम : म्हणजे माझ्याच रंगानं उजेड खाल्ला म्हणतोस?

नवसू : मी नाय म्हणत. हा माझा करंटचा मीटर म्हणतो.

सरस्वती : झालं, फिरवलं तोंड. पावसाळ्यात वाडीतल्या त्या सुंदराचं झालं, तेव्हापासून दिव्यांचा विषय निघाला की असंच करतात.

जयराम : ते काढू नको गो.

सरस्वती : काढणार. सासऱ्यांपासूनची रीत हाय. वाडीत कुणाला कळा लागल्या की डोंगराच्या कडेला येऊन टेंभा हलवायचा. आमी खालून दोनदा दिवे मारायचे, म्हणजे बघितलं, येतो. मग ते झोळीतून बाईला रस्त्यापर्यंत उतरवतात, पुढं या गाडीनं दवाखान्यात. त्या दिवशी टेंभा दिसल्याबरोबर हे धावले. किती वेळा दिवे मारले त्याला सुमार नाय. वर दिसलेच नाय कुणाला. ते पलीकडच्या उतारानं पायी निघाले, आणि सुंदरा वाटेतच पावसात बाळंत झाली. दोघं वाचली, देवाची कृपा. पण वाडी म्हणते, जयराम झोपला होता.

नवसू : मी पण तेच म्हणत होतो काकी. मग धसईच्या बाजारातून येताना काका समोरून आले. अंधार पडलेला, आणि गाडीचे दिवे लागलेत का नाय तेच कळंना मला. तेव्हा समजलं, काका झोपले नव्हते. म्हणून तर न बोलवता आलो. माझ्या बायकोचे, पूजाचे दिवस भरलेत, काका. ती वरच हाय, माझ्या आईपाशी.

जयराम : आण तो पॉलिशपेपर इकडं.

नवसू : मी करतो की.

जयराम : नको. हिला दुसऱ्याचा हात नको. मीच खरवडतो.

सरस्वती : सावकाश. हा निळा कधीचा?

जयराम : आपला पोरगा प्रणय जन्मला त्या दसऱ्याचा. त्याच्याखाली बघ, तांबडा. तू लग्न होऊन याच गाडीतून आलीस, तेव्हाचा.

सरस्वती : तुमच्या ध्यानात हाय?

जयराम : तुझ्या लुगड्याला लागला होता. दिवसभर बोलली नव्हतीस. आणि हा... हा हिरवा.

सरस्वती : मामंजींचा.

जयराम : बाच्या हातचा. पहिल्या दसऱ्याचा. नवसू, इथवर बास ना रे?

नवसू : नाय काका. पत्रा चमकला पायजे.

जयराम : बघ. चमकला. लाव तुझी वायर.

नवसू : वरून ग्रीस लावतो, गंज नाय धरणार. झालं. बसा आत, दाबा स्विच.

सरस्वती : अगो बाई, बांधावरचं गवत न गवत दिसतंय.

जयराम : बल्ब तोच ना?

नवसू : तोच. आता दोनदा मारा, वर डोंगराकडं. आईला सांगून आलोय, दिस मावळला की कडेला उभी ऱ्हा. उजेड दिसला तर टेंभा नुसता वर धर, हलवू नको.

जयराम : मारले. दिसतं काय?

सरस्वती : काय नाय.

नवसू : थांबा. टेंभा पेटायला टाइम लागतो.

सरस्वती : तो बघा. त्या सुळक्याखाली. वर धरलाय, हलत नाय.

नवसू : आई हाय माझी. सकुबाई.

सरस्वती : आणि तो दुसरा, पार वरच्या टोकाला? तिथं पण सांगितलं होतंस?

नवसू : नाय काकी. ती वरची वाडी. तिथं कुणाला काय म्हायती नाय.

जयराम : बाच्या वेळेला तिथवर जायचा उजेड. तिथले लोक असाच टेंभा वर धरायचे. गाडी माझ्या हातात आली आणि पुढं कधीतरी ते बंदच झालं. मला वाटायचं, बाचा मान होता, माझा नाय.

सरस्वती : डोळे पुसा. नवसू बघतोय.

जयराम : बघू दे. नवसू, वर गेलास की सांग सगळ्यांना. जयराम झोपत नाय म्हणावं.

नवसू : मी कशाला सांगू काका? तुमीच सांगितलंत की आत्ता.

सरस्वती : चहा पार गार झाला, दुसरा टाकते. आणि पुढच्या दसऱ्याला त्या बोल्टापाशी ब्रश नेलात तर डबा विहिरीत टाकीन.

जयराम : नाय नेत. बाचा हिरवा तेवढा दिसत ऱ्हाऊ दे.